ईपॉन की जीपॉन? सांगली भागातल्या केबल ऑपरेटरनं ओएलटी घेण्याआधी

नवा ओएलटी, म्हणजे ऑफिसातून फायबरवर घराघरांत इंटरनेट पाठवणारं यंत्र, घ्यायचाच असेल तर जीपॉन घ्या. ईपॉन आणि जीपॉन या त्याच्या दोन पद्धती. पण ईपॉन आधीपासून चालू आहे, बहुतेक प्लॅन १०० एमबीपीएसच्या आतले आहेत आणि घराघरांत ईपॉनचे ओएनयू (फायबर जिथं संपतं तो ग्राहकाकडचा डबा) बसलेत, तर ते उपटून टाकायची घाई करू नका. खर्चाचा मोठा वाटा ओएलटीत नसतो, ओएनयूत असतो. ओएलटी एकदा घ्यायचा, ओएनयू दर घरामागे एक.

आधी वेगाचं बघू. ईपॉन दोन्ही बाजूंना १.२५ जीबीपीएसवर चालतं, पण त्यातला पाचवा हिस्सा कोडिंगमध्येच जातो. हाताशी १ जीबीपीएस उरतं आणि ग्राहकांत वाटायला ९०० एमबीपीएसच्या थोडं वर. जीपॉन खाली (ग्राहकाकडे) २.४८८ आणि वर (ग्राहकाकडून) १.२४४ जीबीपीएस देतं. विश्रामबागेतल्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये ३०० एमबीपीएसच्या तीन ग्राहकांनी एकाच वेळी स्पीड टेस्ट लावली, तर ईपॉनचा अख्खा पोर्ट भरतो आणि त्याच पोर्टवरच्या बाकी साठ घरांचे फोन सुरू होतात. जीपॉनवर तेवढ्यानं निम्मासुद्धा भरत नाही. अपलोडला मात्र दोन्हींत नाव घेण्याजोगा फरक नाही. कुपवाड एमआयडीसीत सीसीटीव्हीचं फुटेज बाहेर पाठवणारे ग्राहक जास्त असतील, तर ‘जीपॉन अडीचपट’ हे दुकानदाराचं बोलणं त्यांच्या उपयोगाचं नाही.

तुमचा पोर्ट खरंच भरतोय का, हे अंदाजानं ठरवू नका. रात्री नऊ ते अकरा या वेळेतला पोर्टचा ग्राफ आठवडाभर बघा. तो ७०० एमबीपीएसच्या खाली राहत असेल तर अडचण दुसरीकडे आहे, आणि बऱ्याचदा ती ओएनयूच्या मागच्या बाजूला सापडते. स्वस्त ओएनयूला एक गिगाबिट आणि एक १०० एमबीपीएसचं लॅन पोर्ट असतं. राउटरची वायर चुकीच्या पोर्टात गेली की २०० च्या प्लॅनला ९४ च मिळतात आणि बोलणी ईपॉनला बसतात. ओएलटीचा अपलिंकही (इंटरनेटकडे जाणारा जोड) तपासा. तो १ जीबीपीएसचा असेल तर खाली जीपॉनचे आठ पोर्ट असून काही साधत नाही.

आता उजेडाचा हिशेब, म्हणजे फायबरमधला उजेड वाटेत किती घटतो ते. ही घट, म्हणजेच लॉस, डीबीत (डेसिबल) मोजतात. निर्णय खरं तर इथं होतो. ईपॉनच्या मूळ पीएक्स२० वर्गात साधारण २४ डीबी लॉस चालतो. बाजारात मिळणारी पीएक्स२०+ मॉड्यूल (ओएलटीच्या पोर्टात बसणारा उजेड सोडणारा भाग) २८ पर्यंत जातात. जीपॉनच्या बी प्लसची मर्यादा २८, सी प्लसची ३२. गावठाणातली नेहमीची मांडणी घ्या: मुख्य जॉइंटात १:८ चा स्प्लिटर (एका फायबरचे आठ करणारा), गल्लीच्या बॉक्सात पुन्हा १:८, म्हणजे ६४ घरं. दोन स्प्लिटरचे २१ डीबी, ६ किलोमीटर फायबरचे सुमारे २, सहा स्प्लाइसचे (फायबरच्या जोडांचे) ०.६, चार कनेक्टरचे १.२. बेरीज २५ च्या आत. इथं पीएक्स२०+ आणि बी प्लस दोन्ही निभावतात. मूळ पीएक्स२० मात्र कागदावरच नापास होतं, म्हणून जुना ओएलटी सेकंडहँड घेताना मॉड्यूलवरचं लेबल वाचा.

आष्टा, पलूस, कवठेमहांकाळ बाजूला घरं मळ्यामळ्यांत विखुरलेली. तिथं जुन्या केबल टीव्हीच्या सवयीनं ९०:१० चे कप्लर (उजेडाचे ९० आणि १० टक्के असे दोन पाय करणारे) एकामागून एक लावले जातात. दर कप्लरला सरळ जाणाऱ्या पायावर स्प्लाइस धरून सुमारे ०.८ डीबी जातात, आणि १० टक्क्यांच्या पायावर साडेदहा. पाचव्या कप्लरच्या १० टक्क्यांवर १:८ लावला आणि अंतर ८ किलोमीटर असलं, की वर येणाऱ्या सिग्नलचा लॉस थेट २८ ला टेकतो. बी प्लस तिथं काठावर असतं. त्यात ऊस हंगामात एखाद्या ट्रॉलीनं लोंबलेली केबल ओढली, तुटलेल्या जागी घाईत दोन स्प्लाइस मारले, की शेवटचे मळे ‘रात्री नेट जातं, बंद-चालू केलं की येतं’ म्हणायला लागतात. ओएनयूकडचं रीडिंग ठीक दिसतं, कारण तिकडे खालचा सिग्नल मोजला जातो. वरचा सिग्नल ओएलटीवर त्या ओएनयूची आरएक्स पॉवर (पोचलेल्या उजेडाची ताकद) उघडून बघावा लागतो. अशा लाइनवर सी प्लस मॉड्यूलचा जीपॉनच घ्या, ३ डीबी शिल्लक धरूनच आखणी करा आणि कप्लर जवळ कमी टक्क्यांचे, लांब जाल तसे ८०:२०, ७०:३० असे वाढत न्या.

जास्त ताकदीच्या मॉड्यूलची उलटी बाजूही आहे. जीपॉनच्या ओएनयूला उणे ८ डीबीएमपेक्षा (उजेडाच्या ताकदीचं माप) जास्त उजेड झेपत नाही. ऑफिसात टेबलावर ओएलटीला थेट पॅचकॉर्ड लावून ओएनयू तपासू नका, मधे १:३२ चा स्प्लिटर घाला. आणि हिरवा एपीसी कनेक्टर (तिरक्या टोकाचा) निळ्या यूपीसीत (सरळ टोकाच्या) खुपसू नका. लॉस वाढतोच, शिवाय त्याच फायबरवर १५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर टीव्ही चालवत असाल तर परावर्तनामुळं चित्र बिघडतं. टीव्हीची ही सोय मात्र दोन्हींत सारखीच.

बसवायला ईपॉन सोपं, यात वाद नाही. मॅक अॅड्रेस दिसला, व्हीलॅन (ग्राहकाच्या डेटाचा वेगळा मार्ग) दिला, काम झालं. जीपॉनमध्ये ओएनयू सीरियल नंबरनं ओळखला जातो आणि टी-कॉन्ट (अपलोडचा वाटा), जेम पोर्ट (डेटाची वाट), लाइन प्रोफाइल, सर्व्हिस प्रोफाइल हे सगळं जुळावं लागतं. पॉनचा दिवा स्थिर आहे पण पीपीपीओई (ग्राहकाचं लॉगिन) लागत नाही, या तक्रारीत पहिल्यांदा जेम पोर्टला व्हीलॅन जोडलाय का ते बघा. दुसऱ्या कंपनीचा ओएनयू जीपॉनवर रजिस्टर होतो, पण ओएलटीवरून पाठवलेलं व्हीलॅन किंवा वायफायचं सेटिंग तो घेईलच असं नाही. पन्नास नग उचलण्याआधी एक नग तुमच्याच ओएलटीवर लावून बघा. तेवढं थांबायला तयार नसलेल्या दुकानदाराकडून घेऊच नका.

१९९७ साली ५६के मोडेममध्ये एक्स२ आणि के५६फ्लेक्स या दोन पद्धतींत जुंपली होती. चुकीचा मोडेम घेतला तरी ३३.६ वर का होईना लाइन लागायची. इथं तशी पायरी नाही. जीपॉनच्या पोर्टवर निव्वळ ईपॉनचा ओएनयू रजिस्टरच होत नाही. त्या भांडणाचा निकाल १९९८ मध्ये व्ही.९० या सामाईक मानकानं लागला, इथली तडजोड म्हणजे एक्सपॉन ओएनयू. तो दोन्हींवर चालतो. आज ईपॉन ठेवणार असाल तरी यापुढचा प्रत्येक नग एक्सपॉनच घ्या.

खरेदीआधी ज्या आयएसपीच्या (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या) लायसन्सवर काम करता त्यांना मॉडेल कळवून होकार घ्या. १५ जून २०२१ पासून परवानाधारकांना नेटवर्कमध्ये नवीन उपकरणं विश्वासार्ह ठरवलेल्या स्रोतांकडूनच जोडता येतात. स्वस्तात मिळालेला ओएलटी त्या यादीत नसेल तर तो कपाटातच राहील. पुढं १० जीबीपीएसकडे जायचं असेल तर एक्सजीएस-पॉन वेगळ्या तरंगलांबीवर चालतं, त्यामुळं जीपॉनच्याच फायबरवर बसतं.

ईपॉनवरून जीपॉनवर जाताना दोन्ही एकाच स्प्लिटरवर चालवायचा प्रयत्न करू नका. दोघांच्याही तरंगलांब्या १४९० आणि १३१० नॅनोमीटरच आहेत, एकमेकांना पाडतील. एक पोर्ट निवडा, त्यावरची सगळी घरं आधी एक्सपॉनवर आणा. ओएनयूच्या स्टिकरवरचे जीपॉन सीरियल नंबर ग्राहकाच्या नावासमोर लिहून नव्या ओएलटीत भरून ठेवा. मग पहाटे ईपॉनच्या पोर्टातली पॅचकॉर्ड काढून जीपॉनमध्ये लावा. जे ओएनयू अर्ध्या तासात वर येत नाहीत, त्यांच्या वेब पेजवर पॉन मोड ‘ऑटो’ऐवजी ‘ईपॉन’वर अडकलेला असण्याचीच शक्यता जास्त.