तारखेवरून आठवडा काढायला लुब्रिडेट: चार वर्षं वापरल्यावरचं मत

डेंग्यूच्या पेशंटची यादी माझ्याकडे तारीखवार येते आणि त्यावरून आठवड्याचा तक्ता करायचा असतो, त्यासाठी आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं लुब्रिडेट हे तारखांचं पॅकेज गेली चार वर्षं वापरतेय. तारखा वाचण्यात याला तोड नाही, एकाच कॉलममध्ये 05/07/2024, 5-7-2024 आणि 5.7.2024 असं काहीही असू दे, डीएमवाय या दिवस-महिना-वर्ष क्रमाने वाचणाऱ्या फंक्शनला दिलं की झालं काम.

घोळ आठवड्यांत आहे. नंबर देणारी तीन फंक्शनं आहेत आणि तिघांचा हिशोब वेगळा. साधं वीक 1 जानेवारीपासून सात-सात दिवस मोजत सुटतं, वार बघतच नाही. आयएसओवीक आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सोमवार ते रविवार धरतं, वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो आठवडा पहिला. एपिवीक अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेसारखं रविवार ते शनिवार. आता 30 डिसेंबर 2024 घ्या, सोमवार होता, वीक म्हणतं 53 आणि बाकीचे दोघं म्हणतात 1. आदल्या दिवशीच्या रविवारी आयएसओवीक 52 देतं, एपिवीक मात्र 1.

मला फटका इथेच बसला. वर्ष साध्या इयर फंक्शनने काढलं, आठवडा आयएसओवीकने, दोन्ही जोडले, आणि डिसेंबरच्या शेवटच्या दोन दिवसांचे पेशंट थेट 2024 च्या पहिल्या आठवड्यात जाऊन बसले, वर्षभर मागे! एरर नाही, वॉर्निंग नाही. ऐन थंडीत डेंग्यू एवढा कसा म्हणून मूळ यादी उघडली तेव्हा कळलं. आयएसओवीकबरोबर आयएसओइयरच हवं, एपिवीकबरोबर एपिइयर.

आता मी नंबरवर ग्रुप करतच नाही. फ्लोअर डेट या फंक्शनला युनिट वीक आणि वीक स्टार्ट 1 दिलं की प्रत्येक तारखेला तिच्या आठवड्याचा सोमवार मिळतो, 30 डिसेंबर ते 5 जानेवारी सगळे एकाच ओळीत. वीक स्टार्ट लिहायचं विसरू नका हं, नाहीतर ते 7 म्हणजे रविवार धरतं.

उलटा प्रवास यात सरळ होत नाही, म्हणजे आठवड्याचा नंबर देऊन तारीख काढणं, त्याला मी आयएसओवीक नावाचंच वेगळं पॅकेज टाकलं.

5 पैकी 4 स्टार. एक कापला तो त्या वीकच्या नावासाठी, इतकं सोपं नाव असल्यावर नवीन माणूस पहिलं तेच टाइप करणार.