नॉर्मंडीतलं 'लग्नाचं कपाट' आणि आमची फसवणूक

फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात, काँ शहरापासून अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात आम्ही राहतो. गेल्या सप्टेंबरात इथल्या एका जुन्या वस्तूंच्या जत्रेत आम्ही ३४०० युरोंना लाकडी कपाट घेतलं. अठराव्या शतकात एका वधूसाठी घडवलेलं, असं सांगून ते आम्हाला विकलं. दारं आणि वरची महिरप तेवढी जुनी निघाली, बाकीचा सांगाडा अलीकडे कुणीतरी जुळवलेला. पैसे निम्म्याहून जास्त बुडाले. फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, पैशांचं राहू दे, पण हे सगळ्यांना सांग. तिकडे आपली माणसं वाढतायत, त्यांना कोण सांगणार?" म्हणून लिहिते आहे.

या कपाटाला इथे आर्मुआर म्हणतात. नॉर्मंडीतलं खास म्हणजे 'आर्मुआर द मारियाज', लग्नाचं कपाट. बहुतेक ओकच्या लाकडाचं, सव्वादोन-अडीच मीटर उंच, दोन दारांचं. वरच्या महिरपीवर कोरलेली कबुतरांची जोडी, फुलांची परडी, गव्हाच्या ओंब्या. मुलीच्या लग्नात चादरी, टेबलक्लॉथ, हातरुमाल असं सगळं कापड त्यात रचून कपाट गाडीवर चढवायचं आणि वाजतगाजत सासरी न्यायचं, अशी पद्धत होती. आपलं रुखवतच की! मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आपलंसं वाटलं होतं. आजीच्या दोन पैठण्या आणि आईने दिलेल्या इरकली साड्या इतकी वर्षं प्लास्टिकच्या पेटीत पडून होत्या. त्या अशा कपाटात ठेवाव्यात, हे माझ्या डोक्यात बसलं.

विक्रेत्याने ते दोन मिनिटांत ओळखलं. साड्यांचं मीच त्याला सांगितलं होतं. मग त्याने गोष्ट सुरू केली. मुलगी जन्मली की बाप ओकचं झाड लावायचा, तिच्या लग्नाला तेच झाड तोडून कपाट करायचा. हे कपाट एका शेतकऱ्याच्या घरातलं. १९४४ साली बॉम्बफेकीत काँ शहर जळत होतं तेव्हा ते धान्याच्या कोठारात गवताखाली झाकलं होतं, म्हणून वाचलं. दारावर दोन आद्याक्षरं आणि '१७८४' कोरलेलं होतं. मी त्या आकड्यांवरून हात फिरवला आणि, खरं सांगते, डोळे भरून आले. काँचं १९४४मध्ये काय झालं हे इथल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं आहे. अशा गोष्टीवर शंका घ्यायची लाज वाटते. नेमक्या त्याच लाजेवर त्याचा धंदा चालतो. झाडाची गोष्ट तर मी त्यानंतर आणखी तीन ठिकाणी, तीन वेगळ्या कपाटांबद्दल, जवळजवळ त्याच शब्दांत ऐकली.

कपाट तंबूच्या कापडाला टेकवून उभं होतं. पाठ बघायला मिळाली नाही. आतल्या तिन्ही फळ्यांवर जुन्या चादरींच्या घड्या लावलेल्या, लव्हेंडरच्या पुरचुंड्या ठेवलेल्या. तेव्हा ती मांडणी सुंदर वाटली. चादरी लाकूड झाकायला होत्या आणि लव्हेंडर ताज्या रंगाचा वास लपवायला, हे नंतर समजलं.

आता पैशांचं. तो म्हणाला, दोन हजार रोख द्या आणि चौदाशेचा चेक, म्हणजे मला घरपोच आणून देणं परवडेल. जत्रेच्या शेजारीच एटीएम होतं. फ्रान्समध्ये राहणाऱ्या माणसाने व्यावसायिक विक्रेत्याला १००० युरोंपेक्षा जास्त रक्कम रोख देणं कायद्यात बसत नाही. मला ते माहीत नव्हतं, त्याला पक्कं माहीत होतं. पावती त्याने फक्त १४०० युरोंची दिली. तीवर हाताने एक ओळ: 'नॉर्मन आर्मुआर, स्तील लुई पंधरावा, ओक'.

या ओळीतल्या एका शब्दाने आमचा घात केला. फ्रेंचमध्ये 'स्तील' म्हणजे शैली आणि 'एपॉक' म्हणजे काळ. 'एपॉक लुई पंधरावा' लिहिलं तर वस्तू त्या राजाच्या काळात, म्हणजे १७१५ ते १७७४ या वर्षांतच, बनलेली असली पाहिजे. विक्रेता त्या शब्दाला कायद्याने बांधला जातो. 'स्तील' लिहिलं तर ती काल बनलेली असली तरी चालते. ३ मार्च १९८१चा एक सरकारी अध्यादेश आहे, इथले लोक त्याला 'देक्रे मार्क्यूस' म्हणतात. कलाकृती आणि संग्राह्य वस्तूंच्या विक्रीतली फसवणूक रोखण्यासाठी तो काढला. वस्तूच्या नावापुढे थेट शतक किंवा काळ लिहिला की ती त्याच काळातली आहे याची ती हमी ठरते. काही भाग नंतरचे असतील तर तेही ग्राहकाला सांगावं लागतं. आणि ग्राहकाने मागितली तर वस्तूचं स्वरूप, घडण, मूळ आणि वय लिहिलेली पावती द्यावीच लागते. तोंडाने तो दहा वेळा 'अठरावं शतक' म्हणाला. कागदावर 'स्तील'. आणि 'लुई पंधरावा' बरोबर '१७८४' जुळतही नाही, कारण तो राजा १७७४मध्येच वारला. खेड्यांतले सुतार जुनी शैली पुढे कितीतरी वर्षं वापरत होते, त्यामुळे नुसती ही विसंगती म्हणजे खोटेपणाचा पुरावा नव्हे. पण मी थांबून विचारायला हवं होतं.

कपाट आलं. खरं आर्मुआर मुळात सुटं करून पुन्हा उभारता यावं असंच बांधलेलं असतं. खाचेत जीभ बसते, आरपार लाकडी खुंटी ठोकतात, दारं बिजागरीवरून वर उचलून काढता येतात. स्क्रू लागत नाहीत. आमच्याकडे आलेल्या दोन पोरांनी विजेच्या यंत्राने पाठीमागून स्क्रूवर स्क्रू पिळले. माझ्या नवऱ्याने विचारलं तेव्हा "लाकूड म्हातारं आहे, आधार लागतो" असं उत्तर मिळालं. त्यांनी ते भिंतीला लावून दिलं, आणि पाठ पुन्हा दिसेनाशी झाली.

नोव्हेंबरात घरातलं हीटिंग सुरू झालं आणि डावं दार अडकायला लागलं. गावातल्या वयस्कर एबेनिस्तला, म्हणजे लाकडी फर्निचर घडवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, बोलावलं. त्याने दाराला हातसुद्धा लावला नाही. टॉर्च मागितला, कपाट भिंतीपासून हातभर ओढलं, मागे जाऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग मला मागे बोलावलं आणि एकेक गोष्ट दाखवली. ती जशी दाखवली तशी लिहिते, कारण पुस्तकातून हे समजलं असतं असं मला वाटत नाही.

आधी पाठीच्या फळ्या. माझा हात धरून त्याने तो फळीवरून फिरवला. रंध्याने हातांनी तासलेली फळी बोटांना हलकी लाटेसारखी लागते. ही सपाट होती, आणि टॉर्च आडवा धरला तर तिच्यावर कमानीसारख्या ओरखड्यांची रांग दिसत होती. गोल फिरणाऱ्या यांत्रिक करवतीची खूण ती. अठराव्या शतकात खेड्यातला सुतार हातकरवतीने कापायचा, तिच्या खुणा सरळ पडतात.

मग खुंट्या. लाकूड वर्षानुवर्षं सुकतं तेव्हा ते आडवं आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे जुन्या सांध्यातली खुंटी पृष्ठभागापेक्षा किंचित वर आलेली असते. हाताने तासलेली असल्यामुळे ती नीट गोलही नसते, कडा जाणवतात. आमच्या सगळ्या खुंट्या एकसारख्या गोल होत्या आणि लाकडाशी सपाट. दुकानात विकत मिळणाऱ्या दांडक्यातून कापलेल्या.

किड्यांच्या भोकांनी मला सर्वांत जास्त धक्का बसला. छोटी भोकं म्हणजे जुनेपणाची खूण असं आपण समजतो, मीही समजत होते. लाकूड पोखरणारा किडा आत वेडंवाकडं कोरत जातो आणि शेवटी एक-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे बाहेरून फक्त भोक दिसायला हवं. आमच्या कपाटाच्या आतल्या उभ्या खांबांवर भोकं नव्हती, लांबच लांब उघड्या नाल्या होत्या. याचा अर्थ लाकूड किड्याने आधी खाल्लं आणि नंतर कुणीतरी ते चिरलं. जुन्या तुळया किंवा जमिनीच्या फळ्या फाडून हा सांगाडा केलेला होता. आणि पुढच्या चौकटीवरच्या 'भोकांत' त्याने माझीच शिवणाची सुई घातली. ती सरळ आत गेली. ड्रिलची भोकं. किड्याच्या वळणदार बोगद्यात सुई थोड्याच अंतरावर अडते.

कबुतरांची जोडी कोरलेली नव्हती, चिकटवलेली होती. खऱ्या कामात नक्षी त्याच जाड लाकडातून वर काढतात. इथे पंखांच्या कडेला केसाएवढी फट होती. '१७८४'च्या आकड्यांच्या कडा बोटाला धारदार लागत होत्या. त्याने स्पिरिटमध्ये कापूस भिजवून आकड्यांवर फिरवला आणि कापूस तपकिरी झाला. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा रंग इथे 'ब्रू द न्वा' नावाने मिळतो, तोच चोपडलेला. उजव्या दाराच्या बिजागरीपाशी जुन्या बिजागरीची बुजवलेली खाच चार बोटं वर होती. म्हणजे हे दार पूर्वी वेगळ्याच कपाटाला होतं. दोन-तीन वस्तूंचे भाग जुळवून केलेल्या अशा फर्निचरला इथल्या बाजारात 'मारियाज'च म्हणतात. लग्न. तो शब्द ऐकल्यावर मी तिथेच फळीवर बसले.

दारं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची असावीत, असं त्याचं मत. सगळ्याची मिळून किंमत काहीशे युरो. खरी, अख्खी नॉर्मन आर्मुआरसुद्धा हल्ली लिलावात काहीशे युरोंना जाते, हे त्यानेच सांगितलं. गेल्या वीसेक वर्षांत गडद लाकडाच्या अवजड फर्निचरचे भाव कोसळले आहेत, नव्या घरांच्या छताखाली ही कपाटं मावतही नाहीत. एवढी साधी चौकशी मी लिलावगृहाच्या संकेतस्थळावर आधी केली असती तर ३४०० हा आकडाच मला थांबवता.

मला वाईट वाटू नये म्हणून त्याने व्हर्सायचं सांगितलं. अठराव्या शतकातल्या म्हणून विकलेल्या बनावट खुर्च्या खुद्द व्हर्सायच्या राजवाड्यानेही घेतल्या. ते प्रकरण २०१६मध्ये फुटलं आणि जून २०२५मध्ये पाँतुआजच्या न्यायालयाने त्यात शिक्षा सुनावल्या. मला त्याने बरं वाटलं नाही. व्हर्सायकडे तज्ज्ञ होते, माझ्याकडे साठवलेले पैसे होते.

विक्रेत्याने आधी फोन उचलला नाही, मग म्हणाला, पावती वाचा. जत्रेतल्या खरेदीला चौदा दिवसांत माल परत करण्याचा हक्कही नसतो, तो फक्त ऑनलाइन आणि घरी येऊन केलेल्या विक्रीसारख्या व्यवहारांना. आम्ही पोचपावतीचं रजिस्टर्ड पत्र पाठवलं, सोबत कारागिराने लिहून दिलेलं निरीक्षण आणि फोटो. मग न्यायालयाच्या मध्यस्थाकडे गेलो. ५००० युरोंपर्यंतच्या दाव्यात आधी समेटाचा प्रयत्न करावाच लागतो, आणि मध्यस्थ पैसे घेत नाही.

तिथे आम्हाला वाचवलं ते एका मेसेजने. खरेदीच्या आदल्या दिवशी जिन्यातून कपाट वर जाईल का हे बघायला मी त्याला मापं विचारली होती. उत्तरात त्याने लिहिलं होतं, 'नॉर्मन आर्मुआर, अठरावं शतक', आणि पुढे उंची-रुंदी. नावापुढे थेट शतक, लेखी. मध्यस्थाने तो मेसेज मोठ्याने वाचला आणि त्याचा सूर बदलला. १४०० युरो परत मिळाले. कपाट नेण्याचा खर्च करायला तो तयार नव्हता. दोन हजार रोख दिल्याचा कुठलाही कागद नाही, त्याने ते सरळ नाकारलं.

एक गोष्ट अजून राहिली. जानेवारीत खालच्या फळीवर पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला. जुन्या तुळयांतला किडा जिवंत होता. साड्या त्याच दिवशी काढल्या, एकेक घडी उलगडून उन्हात बघितली. पैठण्या वाचल्या, एका इरकलीच्या घडीत भुसा शिरला होता, पण कापडाला काही झालं नाही. कपाट आता औषध मारून गॅरेजमध्ये ठेवलं आहे.

काँ किंवा बाय्योच्या आसपास कुणी मराठी कुटुंब जुनं कपाट बघायला जाणार असेल, तर मला कळवा. शनिवारी मी मोकळी असते. टॉर्च, सुई, कापूस घेऊन मी सोबत येईन, आणि विक्रेत्याला पावतीवर 'एपॉक' लिहायला मीच सांगेन.