कागद चोख, गाडी पुरातली : माझे ६,९९,५०० रुपये कसे गेले

२०२५ च्या गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात मी ठाण्यातील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून २०१९ सालची डिझेल एसयूव्ही ६,८५,००० रुपयांना घेतली. ट्रान्सफर आणि विम्यासाठी म्हणून त्याने वर १४,५०० रुपये घेतले. ही गाडी जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात बुडालेली होती, हे मला मे महिन्याच्या अखेरीस कळले, आणि तेही ती भर पावसात मुलुंड-ऐरोली खाडीपुलावर बंद पडल्यानंतर. विक्रेत्याचे नाव वकिलांच्या सांगण्यावरून देत नाही. गाडीच्या मॉडेलचेही देत नाही, कारण दोष त्या मॉडेलचा नाही. फसवण्याची रीत मात्र सविस्तर लिहितो, कारण ती त्याच्या एकट्याची नाही.

मी डोळे मिटून व्यवहार केला, असे कोणी समजू नये. सात लाखांच्या आत बसणारी, गावी जाताना महामार्गावर दमणार नाही अशी आणि देखभालीचे सुटे भाग सहज मिळतील अशी गाडी मला हवी होती. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर मारुतीसारख्या कंपनीने डिझेल गाड्याच बंद केल्या, त्यामुळे २०१९ च्या चांगल्या डिझेल गाड्यांना अजूनही मागणी आहे, हे मला ठाऊक होते. दिल्लीच्या पासिंगच्या दोन गाड्या स्वस्तात मिळत असूनही मी नाकारल्या, कारण दहा वर्षांवरील डिझेल गाडी तेव्हा तिकडे चालवता येत नसल्याने ती मुदत जवळ आलेल्या गाड्या इकडे पाठवल्या जात होत्या. शिवाय त्या येथे आणून नोंदवायच्या म्हणजे महाराष्ट्राचा कर पुन्हा भरणे आले. या गाडीची नोंद मी स्वतः सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर पाहिली. कर्जाचा बोजा नव्हता, ई-चलन थकलेले नव्हते, चासी क्रमांक जुळत होता आणि मालक क्रमांक दोनचा होता. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत गाडी चालवूनही पाहिली. तिने कुठेही कुरकुर केली नाही. यापेक्षा सामान्य माणसाने आणखी काय करायचे असते?

आता जे दिसूनही निसटले ते सांगतो. गाडी पाहताना माझा चष्म्याचा डबा चालकाच्या आसनाखाली पडला. तो काढण्यासाठी हात घातला, तेव्हा आसन पुढे-मागे सरकते त्या लोखंडी पट्टीचा गंज पापुद्र्यांसारखा बोटांना लागला आणि पट्टीच्या खाचेत करड्या रंगाचा बारीक, वाळलेला गाळ होता. मी बोटे रुमालाला पुसली आणि विचारले. विक्रेता जराही न अडखळता म्हणाला, "काका, कोकणातली गाडी आहे, खारी हवा लागते. वरून पत्रा बघा ना, आरशासारखा आहे." माझी सासुरवाडी कोकणातल्या खेडची आहे, हे त्याने चहा पितानाच काढून घेतले होते. त्यानंतर त्याने सर्व्हिस बुक पुढे केले. त्यावर चिपळूणचे शिक्के होते, शेवटचा जून २०२१ चा, आणि पुढची सगळी पाने कोरी. चिपळूण समुद्रावर नाही, वाशिष्ठीच्या काठावर आहे. २२ जुलै २०२१ ला तेथे काय झाले, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. एसटीचे आगार पाण्याखाली गेलेले आम्ही घरी बसून दूरदर्शन संचावर पाहिले होते, त्या दिवशी सासरी फोन लागत नव्हता म्हणून घरात कोणी जेवले नव्हते. गाव माहीत, तारीख माहीत, गाळ बोटाला लागलेला, आणि मी मात्र कोकणातला माणूस गाडी नीट वापरतो यावर मान डोलावत होतो. या एका क्षणाचा मला जितका संताप येतो तितका पैशांचाही येत नाही. तरीही सांगतो, चारही काचा खाली, आत उग्र वासाचे दोन परफ्यूम टांगलेले आणि "पाडव्याला दारात हवी ना" म्हणून मागे लागलेला माणूस, अशा बनवाबनवीत वास ओळखणे ज्यांना जमेल त्यांनी मला हसावे.

आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा. पुरातल्या गाडीचा पट्टा वरचा हातभर भाग स्वच्छ असला तरी आत गुंडाळलेल्या भागावर पाण्याची रेघ राहते. माझ्या गाडीच्या मागच्या पट्ट्यावर ती आहे.

खाडीपुलावरून गाडी टोइंग करून नेली, तेव्हा ओळखीच्या वायरमनने गालिचा उचलला. त्याखालच्या जाड नमद्यात अजून ओल होती, आणि वायरिंगच्या जोडण्या काढल्या तर आतली तांब्याची टोके हिरवी पडलेली. एअरबॅगचा दिवा मुळात पेटतच नव्हता, कारण तो पेटू नये अशी व्यवस्था करून ठेवलेली होती. वायरिंगचा संपूर्ण संच, इंजिनाचा संगणक, एअरबॅगचे नियंत्रण आणि मजुरी मिळून २,३८,४०० रुपयांचा अंदाज लेखी मिळाला. मग अधिकृत सर्व्हिस केंद्रात चासी क्रमांकावरून जुना तपशील काढला, तर जून २०२१ मध्येच गाडी ५८,९०० किलोमीटर चाललेली होती. मला विकताना मीटर ४६,३०० दाखवत होते. म्हणजे पुरासोबत मीटरही मागे फिरवलेले. हा तपशील खरेदीपूर्वी एका फोनवर मिळू शकला असता. "ऑनलाइन सगळे दिसते" असे विक्रेता सांगत होता. वाहन पोर्टलवर मालक, विमा, फिटनेस आणि बोजा दिसतो, पण गाडी किती चालली आणि कशात बुडाली हे तेथे दिसत नाही.

खरी गोम पुढे आहे. पुरात बुडालेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते, पहिल्या मालकाला पैसे मिळतात आणि गाडी भंगाराच्या भावाने लिलावात जाते. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार कायमची निकामी झालेली गाडी मालकाने १४ दिवसांत कळवायची असते, म्हणजे नोंदणी रद्द होते. पण ती निकामी झालीच नाही, दुरुस्त होणार आहे, असे धरले की नोंदणी जिवंत राहते आणि धुऊन-पुसून उभी केलेली गाडी पूर्ण कायदेशीर कागदांसह बाजारात येते. म्हणून माझे कागद चोख होते, आणि म्हणूनच त्या कागदांना काडीचा अर्थ नव्हता. एक गोष्ट मात्र कागदावरही होती. सहा वर्षांच्या गाडीला दुसऱ्या मालकाने फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता, विमा ठेवला होता. सर्वंकष विमा मध्येच घ्यायचा तर कंपनी गाडीची तपासणी मागते. अशी पॉलिसी दिसली तर कारण विचारा, आणि उत्तर पटले नाही तर सरळ उठा.

पैशांचा मार्गही लक्षात घ्या. २५,००० रुपये टोकन यूपीआयने त्याच्या भाच्याच्या खात्यात, ४,७०,००० आरटीजीएसने कागदोपत्री मालकाच्या खात्यात आणि १,९०,००० रोख, "दोन लाखांच्या आत चालते" असे सांगून. रोखीची पावती नाही. बिल नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही त्या दुसऱ्या मालकाची, ज्याला मी कधी पाहिलेही नाही. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर मात्र माझी सही आहे, "गाडी जशी आहे तशी पाहून व तपासून घेतली" अशी. ज्याने गाडी दाखवली, भाव ठरवला, गोड बोलला आणि पैसे मोजून घेतले, त्याचे नाव एकाही कागदावर नाही.

हे घडूच नये म्हणून केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यायचे, मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचे ऑनलाइन कळवायचे आणि तेव्हापासून विकेपर्यंत त्या गाडीचा मालक म्हणून जबाबदारी विक्रेत्याची. नियम उत्तम आहे. मी परिवहन कार्यालयात जाऊन विचारले की या माणसाकडे अधिकारपत्र आहे काय. खिडकीवरच्या बाईंनी दुसऱ्या मजल्यावर पाठवले, दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी "तुमची ट्रान्सफर झाली ना? मग आमच्याकडून काय बाकी आहे?" असे विचारले आणि लेखी अर्ज आवक विभागात द्यायला सांगितले. आवक विभागाने शिक्का मारला. त्या शिक्क्याशिवाय आजवर मला काहीही मिळालेले नाही. विमा कंपनीकडे जुन्या दाव्याची माहिती मागितली, तर पहिला ग्राहक तुम्ही नाही, माहिती गोपनीय आहे, असे उत्तर आले.

पोलिसांचे तर बोलायलाच नको. व्यवहार ठाण्यात झाला, मी राहतो नवी मुंबईत, आणि दोन्हीकडे पोलीस आयुक्तालये वेगळी. ठाण्यात सांगितले की तुमच्याकडे तक्रार द्या, आमच्याकडे सांगितले की घटना तिकडची आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कुठेही घडलेली असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते, हे मी छापून नेलेले कलम दाखवून सांगितले, तेव्हा ड्युटीवरील अंमलदार म्हणाले, "साहेब, हा दिवाणी वाद आहे. गाडी मिळाली आहे ना तुम्हाला?" गाळ भरलेली गाडी मिळाली म्हणजे फसवणूक नाही, हे न्यायशास्त्र मला नवीन होते. न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये फसवून मालमत्ता द्यायला लावण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षा पुस्तकात आणि अर्ज टेबलाच्या खणात. आता वकील दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करणार आहेत, त्यांची सुरुवातीची फी २०,००० रुपये. ज्यांचे काम होते त्यांनी केले असते तर हे २०,००० गेले नसते.

ग्राहक आयोगात तक्रार मात्र आपण राहतो तेथे करता येते, आणि पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क फक्त २०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची असते. मी ती दाखल केली आहे. अडचण एकच, की समोरचा माणूस विक्रेता आहे हे सिद्ध करायला बिल लागते. तेव्हा बिल न देणाऱ्याला टोकनही देऊ नका, आणि पैसे द्याल त्याच्याच नावाची पावती घ्या. मेकॅनिक स्वतःचा न्या. विक्रेत्याने सुचवलेला माणूस त्याचाच असतो. दीड-दोन हजार घेऊन स्कॅनर लावून देणारे तंत्रज्ञ नवी मुंबईत हवे तेवढे आहेत. स्टेपनी काढून खालच्या खळग्यात हात फिरवा, आणि किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझतो की नाही ते पाहा.

नोटीस गेल्यावर विक्रेत्याने फोन घेणे बंद केले. नंतर एके रात्री त्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आला, की गाडी ३,२०,००० ला परत घेतो, प्रकरण मिटवा, नाहीतर "तुम्हीपण कोणाला तरी देऊन टाका, पावसाळ्याआधी विकली जाते." मी उत्तर दिले नाही. त्याच्या क्रमांकासह तो संदेश छापून तक्रारीला जोडला आहे, कारण ही गाडी त्याने मला विकली असे सांगणारा, त्याच्याकडून आलेला तो एकमेव लेखी पुरावा आहे.