रेडकार की सॉल्टबर्न?

इंग्लंडच्या ईशान्येला, मिडल्सब्रोला नोकरी लागलेली भाची विचारतेय: भाड्याने घर रेडकारला घेऊ की सॉल्टबर्नला? दोन्ही किनाऱ्यावरची, रेडकार-क्लीव्हलंड या एकाच बरोतली (स्थानिक प्रशासकीय विभागातली), एकाच रेल्वेमार्गावरची गावं. जाण्यायेण्याचा प्रश्न नाही.

घरं रेडकारला स्वस्त. गाव सपाट, त्यामुळे बाबागाडी असो वा दुखरे गुडघे, समुद्रापर्यंत सहज जाता येतं. सॉल्टबर्न कड्यावर वसलेलं. खाली पुळणीवर जायला १८८४ची लिफ्ट आहे: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, त्या वजनाने तो खाली येतो नि दुसरा वर चढतो. ती बंद असली की चढण पायीच.

वारशाच्या बाबतीत रेडकारने फार गमावलं. तिथला पोलादाचा कारखाना काही वर्षं टाटांकडे होता. २०१५मध्ये तो बंद पडला आणि २०२२मध्ये त्याची झोतभट्टीही (खनिजापासून लोखंड काढायची उंच भट्टी) पाडली. नव्या उद्योगांना जागा हवी, हे मान्य. पण ती एक भट्टी राखायलाच हवी होती. सॉल्टबर्नने लिफ्टही जपली, १८६९चा लांब धक्काही.

पैसे साठवायचेत, आईबाबांना बोलवायचंय, तर रेडकार. थोडं जास्त भाडं परवडत असेल आणि जुन्या वास्तूंची ओढ असेल, तर सॉल्टबर्न.