आठ इंची डॉब्सोनियनला ड्युअल-स्पीड क्रेफर्ड फोकसर: दिवाळीपासून मेपर्यंतचा अनुभव

डॉब्सोनियन म्हणजे साध्या पायावर हाताने ढकलून फिरवायची आरशाची दुर्बीण. तिचा फोकसर, म्हणजे आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) आत-बाहेर सरकवून प्रतिमा स्पष्ट करणारा भाग, मी बदलून जलद आणि बारीक असे दोन नॉब असलेला क्रेफर्ड प्रकारचा बसवला. आधी निकाल सांगतो, पाल्हाळ नंतर. 200 पट आणि त्यापुढे जाऊन ग्रह, जोडतारे, चंद्रावरची बारीक विवरं बघत असाल तर हा बदल जरूर करा. तुमचा सगळा वेळ 40 पटीत तेजोमेघ आणि तारकागुच्छ हुडकण्यात जात असेल, तर त्याच पैशात एक चांगला आयपीस येतो, तो घ्या. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. हाच साचा दोन-चार वेगवेगळ्या नावांनी विकला जातो आणि डब्याखेरीज त्यांत मला फरक दिसला नाही.

माझी दुर्बीण 203 मिमी आरशाची, 1200 मिमी नाभीय अंतराची, म्हणजे एफ/6 (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या सुमारे सहापट). सोबत आलेला फोकसर दातेवाला, रॅक-अँड-पिनियन. त्यातलं ग्रीस गोंदासारखं चिकट. नॉब फिरवायला घेतला की आधी नुसता खेळ, मग एकदम झटका, आणि त्या झटक्यात नेमकी जागा मागे पडलेली. आता आकडे बघा. एफ/6 ला प्रतिमा टोकदार राहते ती जेमतेम 0.08 मिमीच्या पट्ट्यात. नव्या फोकसरचा शाफ्ट, म्हणजे नॉबला जोडलेला नळी सरकवणारा दांडा, व्हर्नियरने मोजला तर 5 मिमी जाड भरला. म्हणजे मोठा नॉब एक फेरा फिरला की नळी साधारण 16 मिमी सरकते. त्यातले 0.08 मिमी म्हणजे नॉबचे फार तर दोन अंश. मिनिटकाटासुद्धा एका मिनिटात सहा अंश जातो! बारीक नॉब दहापट हळू चालतो, त्यामुळे तेच काम वीसेक अंशांत होतं, आणि तेवढं बोटांना जमतं.

क्रेफर्डमध्ये दाते नसतातच. नळीच्या एका बाजूला चार छोटी बेअरिंगं, समोरून एक गुळगुळीत शाफ्ट नळीवर दाबलेला. सगळा कारभार घर्षणावर. लंडनजवळच्या क्रेफर्डमधल्या हौशी मंडळाचे सभासद जॉन वॉल यांची ही कल्पना. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ती पेटंट न घेता सगळ्यांसाठी खुली केली.

बसवण्याचा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण विकणारे त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. विकत घेण्याआधी एक माप घ्या: जुन्या फोकसरवर चंद्र स्पष्ट करा आणि दुर्बिणीच्या नळकांड्याच्या पृष्ठभागापासून फोकस नळीच्या तोंडापर्यंतची उंची मोजा. हे तुमच्याकडच्या प्रत्येक आयपीसला करा आणि सगळ्यांत कमी आकडा धरा. माझा 95 मिमी आला. नवा फोकसर पूर्ण आत घेतल्यावर 75 मिमी उंच राहतो, म्हणून जमलं. हे गणित उलटं पडलं तर काही आयपीसना तारे कधीच टोकदार होणार नाहीत, आणि मग मुख्य आरसा पुढे सरकवण्याशिवाय इलाज नाही.

भोकं चारपैकी एकही जुळलं नाही. ड्रिल लावण्याआधी दोन्ही आरसे (तळाचा मुख्य आणि फोकसरसमोरचा छोटा, तिरका दुय्यम) बाहेर काढले, मुख्य आरशाच्या चौकटीवर आणि नळकांड्यावर मार्करने समोरासमोर खूण करून. आतून मास्किंग टेप चिकटवली, नळकांडं आडवं ठेवलं, पंचने खूण ठोकली आणि आधी बारीक, मग मोठं बिट. लोखंडाचा कीस तरीही उडतोच. त्यावर उपाय म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं चुंबक. ते आतून सगळीकडे फिरवायचं, मग पिशवी उलटी करायची. कीस पिशवीत राहतो आणि चुंबक स्वच्छ. जुनी भोकं आतून काळ्या टेपने बुजवली. सोबत आलेले स्क्रू आखूड होते, ते हार्डवेअरच्या दुकानातून नवे आणले.

फोकसर सरळ बसलाय का, हे बघायला कागदाची पट्टी नळकांड्याभोवती गुंडाळली, घेर जुळला तिथे कापली आणि अर्ध्यात दुमडली. घडी पडली तिथे समोरचा नेमका बिंदू. दुय्यम आरसा बाहेरच असताना फोकसरमध्ये लेझर लावला तर ठिपका त्या बिंदूपासून 3 मिमी खाली. एका बाजूच्या दोन स्क्रूंखाली 1 मिमीचा एकेक वॉशर सरकवला आणि ठिपका जागेवर आला. डोळ्यांनी बघायला एफ/6 ला इतक्या काटेकोरपणाची गरज नसते, पण सगळं उघडलेलंच होतं.

आता वापराबद्दल. नोव्हेंबर 2025 मध्ये शनीची कडी जवळजवळ कडेवरून दिसत होती, नुसती एक रेघ. 200 पटीत ती रेघ बारीक नॉबच्या किंचित हालचालीने जाड-बारीक होताना दिसायची. मला झालेला खरा फायदा इथे कळला. पूर्वी प्रतिमा पुसट दिसली की हवा अस्थिर आहे की फोकस चुकलाय, हेच उमगत नसे. निम्म्या रात्री मी हवेला दोष देत बसायचो. आता दोन्ही बाजूंना नॉब फिरवून खात्री करता येते, आणि हवाच वाईट असेल तर निमूटपणे पट कमी करतो. गुरू यंदा मिथुनेत होता, म्हणजे डोंबिवलीच्या गच्चीवरून जवळपास डोक्यावर. डॉब्सोनियन तिथे ढकलायला सगळ्यांत त्रासदायक. त्यात जुना नॉब पिळला की सगळी दुर्बीण हादरायची आणि प्रतिमा शांत होईपर्यंत गुरू दृश्यातून निघून गेलेला असायचा. बारीक नॉबला एक बोट पुरतं.

तक्रारी आहेत. एप्रिलमध्ये वांगणीला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लावला होता. आपल्याकडून तो दक्षिणेला फार तर 23 अंश वर येतो, म्हणजे नळकांडं बरंच आडवं आणि फोकसर वर तोंड करून. त्यात दोन इंची जड आयपीस घातला की नळी आपल्या वजनाने हळूहळू आत उतरते. खालचा टेन्शन स्क्रू (शाफ्टचा नळीवरचा दाब वाढवणारा) पाव फेरा आवळला की थांबते, पण मग बारीक नॉबची मऊ चाल जाते. लॉकचा स्क्रू आवळताना प्रतिमा किंचित सरकते, म्हणून मी तो वापरणंच सोडलं. शिवाय हा फोकसर जुन्यापेक्षा जड आहे आणि दुर्बीण क्षितिजाकडे आपोआप झुकते. नळकांडं पत्र्याचं असल्याने जुन्या स्पीकरचं चुंबक मागच्या टोकाला चिकटवून तोल साधला. (मोबाइलचं होकायंत्र त्याच्याजवळ नेऊ नका, उत्तर दिशा वाट्टेल तिकडे दाखवतं.)

आपल्या दमट हवेत शाफ्टकडे लक्ष ठेवावं लागतं. मेमध्ये त्यावर गंजाचे बारीक ठिपके दिसले. तेलाचं बोट मात्र लावायचं नाही, घर्षण गेलं की फोकसर निकामी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने शाफ्ट आणि नळीची पट्टी पुसून घेतली, आणि पावसाळाभर फोकसर काढून सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवणार आहे.

जाता जाता जुन्या फोकसरचं. विकण्याआधी तो खोलून रॉकेलने धुतला, हलकं ग्रीस लावलं आणि नळीभोवती टेफ्लॉनच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. खेळ बराच गेला आणि झटकाही. नवा मागवण्याआधी एखाद्या रविवारी हे करून बघा. तेवढ्याने भागलं नाही, तर माप घेऊन मगच ऑर्डर टाका.