कार्बन आणि ग्लास फायबरच्या धुळीसाठी बसवलेली शोषण यंत्रणा: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे सीएनसी राउटरवर (संगणकावर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर) कार्बन आणि ग्लास फायबरच्या पॅनलचं ट्रिमिंग चालतं आणि शेजारच्या टेबलांवर हाताने सँडिंग. त्यासाठी घेतलेली यंत्रणा, म्हणजे कार्ट्रिज फिल्टर आणि त्यामागे एच १३ दर्जाचा हेपा (अतिबारीक धूळ अडवणारा फिल्टर), आता कित्येक महिने रोज चालतेय. मी समाधानी आहे, पण याचं श्रेय मोटरपेक्षा कटरभोवती बसवलेल्या ब्रशच्या हुडाला (धूळ अडवणाऱ्या झाकणाला) जास्त आहे.

शोषणाच्या पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं अंतर गेलं, की हवेचा वेग साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे पाइप लांब ठेवून मोठा पंखा लावणं म्हणजे वीज जाळणं. हुडाचे ब्रश पॅनलला टेकलेले असले की बहुतेक धूळ उडायच्या आधीच आत जाते. ब्रश झिजले, की सगळ्यात आधी मशीनच्या बेडवर काळा थर दिसतो.

हा काळा थर मला जास्त घाबरवतो. कार्बनची धूळ वीजवाहक असते. ती कंट्रोल पॅनलमध्ये शिरली तर ड्राइव्ह आणि कार्ड शॉर्ट होऊ शकतात. म्हणून पॅनलची दारं, केबलची भोकं नीट बंद ठेवणं यंत्रणेइतकंच महत्त्वाचं. ग्लासची धूळ अंगाला खाज आणते, आणि फायबर बांधून ठेवणारं रेझिन पुरतं क्युअर (घट्ट) झालेलं नसेल तर त्याच्या धुळीने त्वचेची ॲलर्जीही होऊ शकते.

सँडिंगच्या टेबलांवर मात्र निकाल मध्यम आहे. भोकांचे पॅड आणि व्हॅक्यूम जोडलेला सँडर असला तरी कडा घासताना धूळ निसटतेच, तिथे मास्क हवाच. फिल्टर बदलताना तर एफएफपी ३ दर्जाच्या मास्कशिवाय कुणी जवळ जाऊ नये.

तक्रार होजबद्दल. ग्लासच्या धुळीने वळणावरची होज आतून घासली जाते, तिथे जाड भिंतीचा एल्बो (वळणाचा पाइप) हवा होता. होज अँटिस्टॅटिक आणि अर्थिंग केलेली असावी. ॲल्युमिनियमची धूळ याच लाइनमध्ये सोडू नका, आग आणि स्फोटाचा धोका असतो.

आणखी एक. शॉपमधून हवा खेचली जाते तेवढी आत यायला वाट लागते. बंद खोलीत शोषण मंदावतं, दारं आत ओढली जातात. आम्ही हवा आत यायला छताजवळ मोठी जाळी बसवली, तिचा वेग कमी ठेवला, कारण आत येणारा झोत थेट कटरवर आला तर हुडातली धूळही बाहेर ओढली जाते. कंप्रेसरच्या हवेने साफसफाई पूर्ण बंद केली, एच क्लासचा (घातक धुळीसाठीचा) व्हॅक्यूम वापरतो. फिल्टर कधी बदलायचा ते फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणाऱ्या गेजवर ठरवतो, तारखेवर नाही.