अमेरिकेतल्या जुन्या मालडब्यांच्या फोटोंच्या साइट्स : नऊ महिने वापरल्यावर

मी रेल्वेत टीएक्सआर, म्हणजे डबे तपासणारा ट्रेन एक्झामिनर होतो. मालगाडी यार्डात लागली की हातोडी आणि टॉर्च घेऊन तिच्या कडेने चालत जायचं, हे काम. डब्याच्या अंगावर रंगवलेलं वाचण्यात नोकरी गेली : नंबर, टेअर (रिकाम्या डब्याचं वजन), पीओएच (ठरावीक मुदतीची मोठी दुरुस्ती) कुठल्या वर्कशॉपचं, रिटर्न डेट (पुढच्या पीओएचची तारीख) काय. रिटायर झाल्यावर मुलाकडे शिकागोला राहिलो, तिथल्या न संपणाऱ्या मालगाड्या बघून तो नाद परत लागला. नातवाने टॅबवर लायब्ररी ऑफ काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची साइट उघडून दिली. आता पुण्याला परत आलोय, तरी सकाळचा चहा तिथेच होतो.

शिफारस करायची तर पहिली तिचीच. जॅक डेलानो या सरकारी फोटोग्राफरने १९४२-४३च्या हिवाळ्यात शिकागोची यार्डं पालथी घातली आणि मार्च १९४३ मध्ये सांता फे रेल्वेच्या मालगाड्यांबरोबर थेट कॅलिफोर्निया गाठलं. काही फोटो कोडाक्रोमवर, चक्क रंगीत. युद्धकाळातला डबा कसला लाल आणि कसलं काय, सगळा काजळीने माखलेला. शिकागोच्या प्रोव्हिसो यार्डातल्या 'रिप ट्रॅक'वरचा वेल्डर पाहिला आणि आमची सिक लाइन आठवली. रिप ट्रॅक म्हणजे तेच, जखमी डबे लावायची जागा. सरकारी काम असल्यामुळे हे फोटो वापरायला हक्काची अडचण नाही.

पानावर दिसतो त्या छोट्या फोटोवर समाधान मानू नका. खाली मोठी टिफ फाइल असते, ती उतरवून घ्या (मोबाइल डेटावर नको, वायफायवर). खरी मजा झूम केल्यावर. डब्यावर तीन ओळी दिसतील : 'सीएपीवाय' म्हणजे क्षमता, 'एलडी एलएमटी' म्हणजे किती भरता येईल, 'एलटी डब्ल्यूटी' म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन, आपलं टेअर. त्या काळच्या ५० टनी डब्यात शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज १,६९,००० पाउंड यायलाच हवी. त्यामुळे रिकामं वजन ४४,७०० वाचता आलं आणि वरची ओळ धुरकट असली, तर तिथे १,२४,३०० आहे हे वजाबाकीने कळतं. मी तर आता शब्दकोडं सोडवल्यासारखा बसतो. वजनाशेजारी पुन्हा वजन केल्याचा महिना-वर्ष असतो, नव्या डब्यावर 'न्यू'. फोटो त्या तारखेआधीचा असू शकत नाही, मथळा काहीही म्हणो.

शोधायची एक युक्ती मला दोन महिन्यांनी कळली. हजारो निगेटिव्हना स्वतःचा मथळाच नाही, 'शीर्षक नाही, बहुधा अमुक फोटोशी संबंधित' एवढंच लिहिलेलं. शब्द टाकून ते हाती लागतीलच असं नाही. चांगला फोटो सापडला की कॉल नंबरप्रमाणे (संग्रहातल्या क्रमांकाप्रमाणे) शेजारचे फोटो दाखवणारी लिंक दाबा. डेलानोने त्याच जागी उभं राहून काढलेले आणखी चार-सहा निघतात, आणि इंजिनामागे लपलेला डबा त्यातल्या एखाद्यात पूर्ण दिसतो.

कोरा करकरीत डबा बघायचा असेल तर सेंट लुइसच्या बॅरिजर रेल्वे लायब्ररीकडे जा. अमेरिकन कार अँड फाउंड्री या कारखान्याचा संग्रह तिथे आहे. कारखान्याचा फोटो म्हणजे स्थळांना पाठवायला काढलेला फोटो : रंग ताजा, ओरखडा नाही, मागचा पसारा पुसून टाकलेला. मॉडेल बनवणाऱ्यांना उपयोगी. मला स्वतःला त्यात करमत नाही.

हौशी लोकांच्या साइट्सबद्दल मात्र जपून. नंबरवरून डबा शोधायला त्या उत्तम, पण एकीवर नेमका डब्याच्या नंबरावरच साइटच्या नावाचा भला मोठा शिक्का मारलेला असतो. ज्यासाठी आलो तेच झाकलेलं! तारखाही डोळे मिटून घेऊ नयेत. '१९५५' लिहिलेल्या एका फोटोतल्या डब्यावर रंगीत पट्ट्यांची पाटी होती. यंत्राने नंबर वाचण्यासाठीच्या त्या पाट्या १९६७ पासून लावल्या आणि १९७७ मध्ये तो प्रकार गुंडाळला. मी कळवलं, अजून उत्तर नाही. तशीच छतावरून चालायची फळी : १९६६ पासून नवे बॉक्सकार (बंद मालडबे) तिच्याशिवाय येऊ लागले. ती नसेल तर फोटो चाळीसच्या दशकातला कसा?

एक गोष्ट कुठल्याच साइटवर शोधता येत नाही, ती म्हणजे खडू. जुन्या फोटोंतल्या डब्यांवर यार्डातल्या लोकांनी खडूने खरडलेलं असतं, आकडे, फुल्या, अर्धवट अक्षरं. आम्हीही डबा सिक केला की खडूनेच लिहायचो, आणि ते आमच्यातल्यालाच कळायचं. तिथल्या टीएक्सआरला म्हणे 'कार नॉकर' म्हणायचे, हातोडीने चाकं ठोकून बघायचा म्हणून. असा कोणी जुना माणूस भेटला, तर माझ्याकडे अशा खरडींचे एकवीस फोटो वेगळे काढून ठेवलेत.